ठेवलेलं नाव

लग्नाची भांडी घ्यायला अख्खं घर येतं. तेरवीची भांडी घ्यायला दोनच माणसं येतात. डोकं नुकतं भादरलेला एक मुलगा आणि सोबत चुलतभाऊ नाहीतर जावई. ते घासाघीस करत नाहीत, डबा वाजवून पाहत नाहीत, झाकण घट्ट बसतं की नाही तेही बघत नाहीत. खिशातून चिठ्ठी काढून गल्ल्यावर ठेवतात आणि पंख्याकडे नाहीतर रस्त्याकडे बघत उभे राहतात. भंडाऱ्याच्या बाजारातल्या ज्या भांड्यांच्या दुकानात मी काम करते, तिथे ती चिठ्ठी शेवटी माझ्या टेबलावर येते, कारण भांड्यांवर नावं मी टाकते.

आमच्याकडे तेरवीला जेवायला आलेल्या घराघराला गेलेल्या माणसाच्या नावाचं एखादं भांडं देतात. हल्ली बहुतेक स्टीलचा डबाच असतो. झाकणावर नाव आणि खाली ‘यांच्या स्मरणार्थ’. मग तो डबा त्या घरात वर्षानुवर्षं राहतो. कोणाच्या नावात साखर असते, कोणाच्या नावात तुरीची डाळ. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात चहापत्ती ज्यांच्या नावात आहे, ते गृहस्थ मी कधी पाहिलेही नव्हते, पण रोज सकाळी त्यांचं नाव वाचल्याशिवाय माझा चहा होत नाही.

दुकानात मी लागले ती बायांना कुकर दाखवायला. नाव टाकणारे एक म्हातारे कारागीर होते. ते छिन्नी आणि छोटी हातोडी घेऊन टिंबाटिंबानं अक्षर ठोकायचे. पुढे विजेचं पेन आलं आणि त्यांची नजर गेली. शेठ मला म्हणाले, “बाई, तुमचं अक्षर बरं आहे, बसा तिथे.” मी बसले. ते पेन हातात धरलं की भुंगा मुठीत धरल्यासारखं वाटतं, संध्याकाळी बोटांना मुंग्या येतात. पण झालेली चूक खोडता येत नाही, हे त्या कामातलं मला फार आवडलं. मी तशी तापट बाई आहे. घरात दहा गोष्टी बोलते आणि त्यातल्या पाच मागे घेते. त्या टेबलावर मात्र मला नीट वागावं लागायचं.

नुसतं नाव टाकून माझं मन भरेना. एकदा एका शेतकऱ्याच्या नावाखाली जागा उरली, तर मी तिथे धानाची लोंबी काढून टाकली. शेठ खवळले. कोणी सांगितलं होतं, गिऱ्हाईक बोंबलेल, वगैरे. गिऱ्हाईक बोंबललं नाही. त्याच गावातलं दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्यानं विचारलं, “लोंबीवाली बाई कुठं हाय?” मग मी थांबलेच नाही. मासे धरणाऱ्याच्या नावाखाली जाळं, आंधळगावच्या कोसा रेशीम विणणाऱ्याच्या नावाखाली धोटा, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईच्या नावाखाली पळी. लोक पवनीकडून, साकोलीकडून यायला लागले. शेजारच्या दुकानदारांनी नाव टाकणारा माणूस ठेवला, तर गिऱ्हाईक भांडी त्यांच्याकडून घेऊन नाव टाकायला आमच्याकडे यायचं. मी नम्रपणाचं सोंग आणत नाही. मला त्याचा गर्व होता आणि मी तो मिरवायचे.

इथली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. मी नदीपलीकडच्या कारध्याची, म्हणून आमच्या मोहल्ल्यात मी कारधावाली. सासरी आल्यापासून मरेपर्यंत कारधावालीच. बाजारात मात्र मी नाववाली बाई झाले होते. आपल्या हातानं कमावलेलं हे एकच नाव माझ्याजवळ होतं.

आणि मग मशीन आली.

ती नागपूरहून टेम्पोत घालून आणली. कपाटाएवढी, पुढे काचेचं दार. शेठची सून गोंदियाची, कॉम्प्युटर शिकलेली. तिनं बटणं दाबून नाव लिहिलं, झाकण आत ठेवलं, दार लावलं आणि मी एक अक्षर पुरं करेपर्यंत तिचं आख्खं झाकण बाहेर आलं. अक्षरं सरळ, काळीभोर, एकसारखी. माझ्या हाताला न जमणारी. सून पोर गुणी होती, मला आई म्हणायची, आणि याचाच मला जास्त राग यायचा. दुष्ट असती तर भांडता तरी आलं असतं.

एक दिवस तिनं मला हौसेनं बोलावलं. म्हणाली, “आई, हे बघा.” मशीनमधून झाकण निघालं, त्यावर धानाची लोंबी होती. माझीच. तिनं माझ्या जुन्या झाकणाचा फोटो काढून तो कॉम्प्युटरमध्ये घातला होता. लोंबीच्या टोकाला मी एक कुसळ वाकडं काढते, तेसुद्धा तस्संच. तिला वाटलं मला आनंद होईल. मी “छान” म्हटलं आणि मागच्या गोदामात जाऊन परातींच्या ढिगामागे उभी राहून रडले. माझी करामत माझ्याशिवाय चालायला लागली होती.

त्याच आठवड्यात शेठनं सांगितलं, दिवाळीपासून टेबल काढायचं. तिथे मिक्सरचं रॅक बसणार होतं. “तुम्हाला काढत नाही आहो बाई. काउंटर सांभाळा. कुकर, गॅरंटी, शिट्ट्या, तुम्हाला सगळं माहीतच आहे.” पगार तोच राहणार होता. माझे यजमान राईस मिलमध्ये कामाला होते, घर चालत होतं. कोणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, मग रडायला काय झालं? पण मला ते टेबल हवं होतं. कुकर कोणीही दाखवतं. त्या खुर्चीवर बसले की मी कोणीतरी होते, आणि ती खुर्ची गेल्यावर मी परत कोणीही होणार होते. मला दुसरं काही नको होतं, एवढंच हवं होतं.

धान निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत एक मुलगा दुकानात आला. मुलगा म्हणजे पन्नाशीतला माणूस, डोक्यावर नुकते केस फुटत असलेला. आंधळगावच्या वाटेवरच्या एका गावातला. त्याच्या आईच्या तेरवीचे डबे आमच्याकडूनच गेले होते, नावं मशीनवर टाकलेली. त्याच्या हातात त्यातलाच एक डबा होता.

“शेठ, डबे चांगले होते,” तो म्हणाला. “नाव बी बराबर होतं, आधार कार्डावरचंच देल्लं होतं मी. पन गावात कोनाले समजलंच नाई का हे कोन बाई होय.”

शेठना काही उमगेना. मग त्यानं सगळं सांगितलं. जेवणं झाल्यावर डबे वाटले. बाया झाकणं उलटीपालटी करून बघायला लागल्या. एकमेकींना विचारायला लागल्या. त्याची आई कोंढ्याची, लग्न होऊन आली तेव्हापासून सगळ्या गावाची कोंढावाली. तिचं कागदावरचं नाव तिच्या सख्ख्या शेजारणीला माहीत नव्हतं.

“एक म्हने, हे कोन? दुसरी म्हने, दुसऱ्याच्या तेरवीचे उरलेले असन, सस्त्यात आनले असन. एकीनं तं डबा ओसरीवरच ठेवून देल्ला. दुसऱ्याच्या मयताचं भांडं मी कायले नेऊ म्हने.” त्यानं डबा गल्ल्यावर ठेवला. “माह्या मायनं कदी कोनाले उष्टं नाई देल्लं, शेठ. अना तिच्याच तेरवीले असं झालं.”

तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो भांडत नव्हता. सुनेचा चेहरा पडला. “मी चिठ्ठीत होतं तेच टाकलं,” ती हळूच म्हणाली. खरंच होतं ते. क्षणभर माझ्या मनात उकळी फुटली, की बघा आता तुमची मशीन. पण ती लगेच जिरली. ती चिठ्ठी माझ्या टेबलावर आली असती तरी मी तेच नाव कोरलं असतं आणि खाली लोंबी काढून मोकळी झाले असते.

शेठ म्हणाले, दुसरे डबे देतो. मुलानं मान हलवली. “नोको. दुसरे देल्ले तं लोक म्हनन, पयले खरंच कोनाचे तरी होते. त्याच डब्यावर काईतरी लिवून द्या.”

काय लिहायचं, तर ‘कोंढावाली’. पण घरी त्याच्या धाकट्या भावाला ते पटत नव्हतं. आईच्या स्मरणाच्या भांड्यावर असं गावठी काही लिहायचं, ते काय नाव आहे का, असं तो म्हणत होता. शिवाय डबे घरोघर पोचले होते. दिलेलं भांडं परत मागायला कोणत्या तोंडानं जायचं? आणि मागून आणलेच, तर ते भंडाऱ्याला आणून परत नेईपर्यंत गावात आणखी दहा गोष्टी उठणार होत्या.

तेव्हा मी मध्ये तोंड घातलं. “डबे कायले आनता? मीच येतो गावात.”

माझ्या मनात दयाबिया आली होती असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्या कपाटाएवढ्या मशीनकडे बघता बघता मला एकच सुचलं होतं, की ती स्कुटीवर बसत नाही. माझं पेन पिशवीत मावतं.

सुनेनंच मला स्कुटीवर नेलं. दोन्ही बाजूंनी बांध्यांमध्ये धान पोटरीतून बाहेर पडत होतं आणि हवेला त्याचा तो दुधट वास होता. घरी पोचलो तर ओसरीवर सतरंजी टाकलेली होती, वायर ओढून बोर्ड ठेवलेला होता. भिंतीला बाईंचा फोटो होता, डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू. त्या अहेव गेल्या होत्या. त्यांचे यजमान, ऐंशीच्या घरातले बाबाजी, अंगणात खाटेवर पाय वर घेऊन बसले होते. ते आमच्याकडे बघत नव्हते.

बाया डबे घेऊन आल्या, जरा लाजत, जरा गंमत बघायला. पहिली एक तरुण सून होती, पलीकडच्या घरातली. मी झाकण पुसून ‘कोंढावाली’ लिहायला पेन टेकवणार, तेवढ्यात ती म्हणाली, “आमच्या घरी कोनी कोंढावाली नोतं म्हनत तिले.”

“मग काय म्हणत होते?”

“इरजनवाली आजी. रोज संध्याकारी आमचे लेकरं तिच्याकडूनच इरजन आनत. आमच्या घरी दही तिच्याच इरजनाचं लागे.”

मी पेन वर उचललं. थोरला मुलगा जवळच उभा होता, मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. मग मी त्या छापील नावाच्या खाली, माझ्या थोड्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात लिहिलं, ‘इरजनवाली आजी’. त्या पोरीनं झाकण हातात घेऊन वाचलं आणि ती एकदम रडायलाच लागली. तेरवीला ती रडली नव्हती म्हणे, कारण वाढण्यातच होती.

त्यानंतर मी काय लिहायचं ते ठरवून ठेवलं नाही. झाकण घ्यायचं आणि विचारायचं, तुम्ही काय म्हणत होता? कोणी मोठीमाय म्हणत होतं, कोणी नातं नसताना मामी. आठवडी बाजाराला दर वेळी तिच्यासोबत चालत जाणारी एक बाई म्हणाली, ‘सोबतीन’ लिव. तिच्याबरोबर रोवणीला जाणाऱ्या बायांनी ‘म्होरकी’ लिहायला लावलं, कारण रोवणा करताना चिखलात पहिल्यांदा पाय तीच घालायची. थोड्या वेळानं मला विचारावंही लागेना. शेठची सून माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती, झाकणं पुसून देत होती आणि मी लिहीत असताना तीच पुढचीला विचारत होती, “आजी, तुम्ही काय म्हणायच्या?” ओसरीवर गलका झाला होता. बाया आपापली झाकणं एकमेकींना दाखवत होत्या, आणि गावात जिचं नाव कोणाला माहीत नव्हतं तिची किती नावं होती ते सगळ्यांनाच पहिल्यांदा कळत होतं. तेरवी खरं तर त्या दिवशी झाली असं मला वाटतं.

एक धिप्पाड म्हातारी सगळ्यांच्या मागे उभी होती. ओसरीवर डबा ठेवून जाणारी तीच. शेजारचीच होती, आणि बांधीतल्या पाण्यावरून दोन घरांचं बोलणं वर्षानुवर्षं बंद होतं. तिची पाळी आली तसा गलका थांबला.

“तुम्ही काय म्हणत होता?” सुनेनं बिचारीनं सवयीनं विचारलं.

“मी कायले काय म्हनू? मी तं तिले जल्मभर नावंच ठेवली,” म्हातारी म्हणाली. “त्यातलं कोनतं लिवता?”

बाया हसल्या. तीही हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. पदर तोंडाला लावून ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “थेही मले ठेवे. भिंतीच्या तिकडून मले आयकू ये. आता भिंतीपलीकडं कोनीच नाई बोलत.” मी तिच्या झाकणावर ‘शेजारीन’ एवढंच लिहिलं. तिनं तो डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि नेला.

दुपार कलली तेव्हा आत-बाहेर करत असलेला धाकटा मुलगा आला. कोंढावाली हे काय नाव आहे का म्हणणारा तो हाच. त्यानं आपल्या घरचा डबा गुपचूप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “‘वो माय’ लिवा. घरात पाय ठेवला का मी असंच म्हनो.” मी लिहिलं. मला वाटलं, झालं. मी पेनची वायर गुंडाळायला घेतली.

तेव्हा बाबाजी खाटेवरून उठले. आत जाऊन ते आपला डबा घेऊन आले आणि माझ्यासमोर पायरीवर बसले. मी झाकणाला हात लावणार, तर त्यांनी ते आपल्याकडे ओढलं.

“याच्यावर नोको लिवू काई.”

“तुम्ही काय म्हणत होता त्यांना, बाबाजी?”

“काई नाई. आयकलं का, म्हनो. कदी कदी थेही नाई. खाकरलो तं समजे तिले.”

“मग तेच लिहू का? ‘ऐकलं का’?”

“नोको म्हनलं ना. जे हाय तेच राहू दे.” त्यांनी मशीनच्या त्या काळ्याभोर अक्षरांवर अंगठा ठेवला. “हे नाव मीच ठेवलं होतं.”

मला पटकन कळलं नाही. मग कळलं. लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितो. आधार कार्डावर, मतदार यादीत, आणि आता या झाकणांवर होतं ते तेच नाव.

“लय दिवस मनात धरून होतो हे नाव,” ते म्हणाले. “कोनाले सांगितलं बी नोतं. मांडवात लिवलं. सगऱ्यायनं वाचलं, साखर वाटली. अना मंग एकदाबी तोंडातून नाई काहाडलं. लोकायदेखत बायकोचं नाव घ्याची लाज वाटे. मंग लोक नसले तरी वाटे. पोरं म्हनतेत, गावात कोनाले मालूम नाई. कसं मालूम राहीन? मीच नाई घेतलं.”

दोन्ही मुलं दारात उभी होती, त्यांना हे माहीत नव्हतं.

“मले बारीक अक्षर दिसत नाई आता,” बाबाजी म्हणाले. “वाच बरं.”

मी वाचलं.

“आनखीन एकदा.”

मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी ते स्वतः म्हटलं. पहिल्या अक्षरावर ते अडखळले, थांबले, आणि दुसऱ्यांदा नीट म्हटलं, जरा मोठ्यानं, घराच्या आत कोणाला तरी ऐकू जावं असं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांनी ठेवलं त्यांनी ते घेतलं, तेवढं पुरे.

आम्ही निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले. “माह्या वक्ताले बी तूच येजो,” ते मला म्हणाले. “पोरं चांगले हायेत, पन त्यायले मालूम नाई काय लिवाचं. तू इचारतं. येशीन ना?”

“येतो बाबाजी,” मी म्हणाले. माझ्याकडे टेबल दिवाळीपर्यंतच होतं, हे मला तोंडातून शब्द निघाल्यावर आठवलं.

दुकानात परत येऊन मी शेठना सांगितलं, “टेबल काढायचं असेल तर काढा, पण मग मी काउंटरवरही बसणार नाही, मी घरी जाईन. फक्त त्या म्हाताऱ्याला मी शब्द दिला आहे, तो मोडला हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा.” माझा पारा चढलेला होता आणि आवाजही. शेठ चहा पीत होते. त्यांनी बशीतला चहा संपवला. मग सून म्हणाली, “पप्पा, मिक्सरचं रॅक आपण जिन्याखाली लावू.” शेठनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “लावा बाप्पा, कुठंही लावा.” एवढीच चर्चा झाली. मशीनच्या विरुद्ध माझ्या बाजूनं उभी राहिली ती मशीन चालवणारीच.

हल्ली आमच्याकडे असं चालतं. नाव मशीन टाकते, सरळ आणि काळंभोर, कागदावर असेल तसं. खालची ओळ मी टाकते. लोकांनी त्याला ‘खालची ओळ’ असंच म्हणायला सुरुवात केली. ती चिठ्ठीवर नसते. मुलगे गल्ल्यापाशी पंख्याकडे बघत उभे असतात, त्यांना मी टेबलासमोर स्टुलावर बसवते आणि विचारते, घरात काय म्हणत होते? शेजारी काय म्हणत होते? कोणी सांगतं, कोणाला सांगता येत नाही, मग ते घरी फोन लावतात आणि फोनवरच रडतात. लोंबी मी आता क्वचितच काढते. ती कोणीही काढू शकतं.

पण या सगळ्याचं ओझं होतं, तेही सांगायला हवं. लग्न पुढे ढकलता येतं, तेरवी ढकलता येत नाही. माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न मी अर्ध्यात सोडून आले. ताप अंगात असताना लिहिलं आहे. शेठ, ज्यांना मी कुकर दाखवायला हवी होते, ते आता विचारतात, “बाई, सुट्टी घेणार असाल तर आधी सांगा बरं.” माझ्याशिवाय चालत नाही, हे ऐकायला मी किती आसुसले होते! आता ते ऐकलं की बरं वाटतं आणि धस्सही होतं. सून माझ्याजवळ बसून शिकते आहे. तिचं अक्षर अजून भित्रं आहे, पण विचारायला ती माझ्यापेक्षा चांगली आहे, तिच्यापुढे बायाच काय पुरुषही मन मोकळं करतात. मी तिला शिकवते आहे हे शेठना आवडतं. माझी मात्र अजून खुर्चीवरून उठायची तयारी नाही, आणि त्याचं कारण गर्व नाही.

बाबाजी अजून आहेत. बाजाराच्या दिवशी कधीतरी एसटीनं भंडाऱ्याला येतात आणि दुकानात डोकावतात. घ्यायचं काहीच नसतं. काठी टेबलाला टेकवून ते स्टुलावर बसतात, मी लिहीत असते, ते बघत असतात. मी दरवेळी विचारते, तुमच्या नावाखाली काय लिहू ते सांगून ठेवा, आणि ते दरवेळी म्हणतात, इचार करून रायलो.

परवा आले तेव्हा फार वाळलेले दिसले. जिनाबिना नाही, साधी दुकानाची पायरी चढताना सुनेनं त्यांना हात दिला. बसून दम खाल्ल्यावर ते आपण होऊन म्हणाले, “सापडलं.”

“काय बाबाजी?”

“पोरायची माय मले आवाज दे ना, आंगनातून. अजी, म्हने. एवढंच. ‘अजी’ लिव. पोरं नाई म्हनन, तं आयकू नोको त्यायचं.”

“लिहिते,” मी म्हणाले. “पण घाई काय आहे?”

“मले काई घाई नाई.” ते काठीवर भार देऊन उठले आणि माझ्या टेबलाकडे, पेनाकडे, मग माझ्याकडे त्यांनी नीट बघून घेतलं. “पन तू तवपर्यंत इथून कुठं जाऊ नोको.”

“नाई जात,” मी म्हटलं.